टोपी नसलेला फोटो

१

रुपराव खड्ड्यात मेला तेव्हा आम्ही वर जल्लोष करत होतो. पंचवीस-तीस माणसं होतो आणि त्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला न्यायाधीश समजायला नको.

काटोल रोडवरून आत वळलं की आमच्या क्लबचा माळ लागतो. तिथे मातीच्या केशरी चकत्या हवेत उडतात आणि आम्ही त्या बारा बोरच्या बंदुकीने फोडतो. शूटर उभे राहतात त्या ओळीपासून पंधरा मीटरवर जमिनीत एक खड्डा आहे. त्यावर सिमेंटचं छत, आणि आत मशीन. शूटर ‘पुल’ म्हणाला की त्याच्या पायाशी खुंटीला लावलेला माइक ते ऐकतो, मशीनचा लोखंडी हात गरकन फिरतो आणि चकती आभाळात जाते. त्या खड्ड्यात, मशीनच्या बाजूला, फळीच्या आडोशाला रुपराव बसायचा. अठरा वर्षं बसला.

पंचवीस चकत्यांचा एक फेरा संपला की तो पायऱ्या चढून वर यायचा, खड्ड्याच्या तोंडाशी पुरलेल्या पाइपात लाल झेंडा खोवायचा आणि मगच मशीनच्या पुढ्यात जाऊन नव्या चकत्या भरायचा. झेंडा दिसला की सगळ्यांनी बंदुका उघड्या करायच्या आणि ओळीवरच्या प्रमुखाने माइकची पेटी बंद करायची. आमच्याकडे याहून मोठा नियम नाही.

त्या मार्चमधल्या रविवारी, सकाळी साडेनऊला, पायलने पंचवीसपैकी पंचवीस फोडल्या. मनीषनगरची पोर, वय एकोणीस. आयुष्यातला पहिला पूर्ण फेरा केला की आमच्याकडे त्या शूटरची टोपी हवेत फेकतात आणि त्यानेच ती बार टाकून उडवायची असते. छर्र्यांनी चाळण झालेली टोपी मग क्लबच्या भिंतीवर नावासकट टांगतात. पायलकडे टोपी नव्हती. सकाळी ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून रुपरावने आपली खाकी टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली होती. “घे वं पोरी, डोये मिटून का निशाना लागते?”

टोपी उडाली, बार झाला, आम्ही नाचलो. आणि मग खड्ड्याकडून इंदुताईंची किंकाळी आली. इंदुताई आमचं कँटीन चालवतात.

मी एकसष्ट वर्षांची, गुडघे गेलेले, पोचायला वेळ लागला. रुपराव मशीनच्या पुढ्यात आडवा होता. डॉ. सुशील त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसलेले, दोन्ही हात मनगटांपर्यंत रक्ताने भरलेले. “गेला,” ते म्हणाले. विक्रम, आमचा सेक्रेटरी, पायऱ्यांवर उभा होता. त्या दिवशी ओळीचा प्रमुख तोच. पाइप रिकामा. झेंडा नीट गुंडाळून भिंतीला टेकवलेला, धुतल्यासारखा स्वच्छ. खड्ड्याच्या ओठावर केशरी चकतीचे पाच-सात तुकडे पडलेले आणि त्यांच्यावर चहाचा स्टीलचा ग्लास लवंडलेला.

हे सगळं मी पाहिलं. एकतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात काढलेल्या बाईने पाहिलं आणि तिला काही कळलं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर विक्रमचा संदेश आला. ‘आपले लाडके रुपराव आज आपल्यात नाहीत. पायलच्या पंचविसाव्या ‘पुल’ला ते झेंडा न लावता मशीनपुढे गेले होते. डोक्यावर टोपीही नव्हती. कोणाचाही दोष नाही.’ खाली हात जोडलेले, आणि त्याखाली पायलचा हसरा फोटो.

टोपी नव्हती म्हणे. त्याची टोपी कुठे होती ते तीस जणांना ठाऊक होतं. एकानेही लिहिलं नाही. मीही नाही.

२

चौथ्या दिवशी पायलच्या आईचा, रीनाचा, फोन आला. “ताई, तुम्ही येता का? पोरगी जेवून नाही राहिली. कॉलेज नाही, काही नाही. बंदूक परत करून टाका म्हणते.”

गेले. पायल पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“मावशी, विक्रम सर रोज फोन करतात. म्हणतात, बेटा, तुझी काही चूक नाही, त्यानेच झेंडा लावला नाही.”

“मग?”

“मग काय! ‘पुल’ तर मीच म्हटलं ना? माझ्या आवाजाने ते मशीन फिरलं. काकांनी मला उभं राहायला शिकवलं, बंदूक खांद्याला कुठे टेकवायची ते शिकवलं. आणि मी त्यांच्या डोक्यावर...” तिने गुडघे जवळ ओढले. “मले कोणी शिव्या काहून नाही देत? सगळे गोड बोलून राहिले. त्यानंच मी मरून राहिली.”

तिचे ओठ फाटले होते. पाणीसुद्धा नीट पीत नव्हती. रीना दाराशी पदर तोंडात धरून उभी. या मुलीला कोणीतरी खरं सांगितलं नाही तर ही अशीच विझत जाणार, हे मला तिथे दिसलं. पण खरं काय ते मला तरी कुठे ठाऊक होतं? काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “पंचविसावी चकती कशी आली होती गं?”

“डावीकडे. एकदम सरळ. धुरळा झाला तिचा.”

“तुकडा वगैरे उडून आला नव्हता ना? अख्खी होती?”

“अख्खी. काहून?”

मी उठले. जिना उतरायला लागले आणि मधल्या पायरीवर कठडा धरून उभी राहिले. मशीनच्या त्या हाताच्या वाटेत माणसाचं डोकं आलं तर चकती सरळ, अख्खी, डावीकडे जाईल कशी? ती तिथेच फुटेल, खड्ड्याच्या तोंडाशी सांडेल.

सांडलीच होती. चहाच्या ग्लासाखाली. आणि बंदुकीच्या बाराने फुटलेल्या चकतीचे तुकडे पडतात पार लांब, तीस-चाळीस मीटरवर. खड्ड्याच्या ओठावर कधीच नाही.

म्हणजे पायलच्या पंचविसाव्या ‘पुल’नंतर मशीन आणखी एकदा फिरलं होतं. आणि त्यानंतर ‘पुल’ कोणीही म्हटलं नव्हतं.

३

धरमपेठेत डॉ. सुशील यांचा दातांचा दवाखाना आहे. भला माणूस. क्लबात नवीन आलेल्या प्रत्येकाला आपली काडतुसं वाटतो.

“तुम्ही खड्ड्याशी पहिले पोचलात?”

“मी आणि विक्रम, बरोबरच. मी सरळ खाली गेलो, तो मागे होता.”

“झेंडा?”

ते हातमोजे काढायला लागले. एक निघेना. “मी वर आलो तेव्हा गुंडाळलेला होता.”

“आणि खाली जाताना?”

“ताई, समोर माणूस पडलेला. मी झेंडा पाहू की त्याला पाहू?”

“फोटो तुम्ही काढला होता ना? पायलचा?”

“हो. विक्रमने मागून घेतला. ग्रुपवर त्यानेच टाकला. मग मला म्हणाला, आता बघवत नाही, फोनमधून उडवून टाक. मी उडवला.”

बाहेर येऊन मी स्कूटीवर बसल्या बसल्या ग्रुप उघडला. मागच्या दोन वर्षांत अकरा जणांचे पूर्ण फेरे झाले. अकरा फोटो. प्रत्येकात माणसं खाली, बोटाएवढी, आणि वर नुसतं आभाळ, त्यात टोपी. फोटो टोपीचाच असतो, माणसांचा नाही. बारावा पायलचा. त्यात पायलचे गाल, दात, खांदा, बंदुकीची नळी. वरचं आभाळ कापलेलं, मागचा माळ कापलेला.

टोपीचा फोटो, आणि त्यात टोपीच नाही.

तिथून विक्रमच्या ऑफिसात गेले. त्याने उठून खुर्ची ओढली, स्वतः पाणी आणून दिलं. तो असाच आहे, आणि हेच सांगायला मला जड जातं. नवरा गेला, मी निवृत्त झाले, नंदनवनच्या दोन खोल्यांत भिंतींशी बोलत होते, तेव्हा याच माणसाने मला माळावर नेलं. आपली बंदूक माझ्या हातात दिली. म्हणाला, ताई, आतापासून तुम्ही आमच्या. त्यानंतर एखाद्या रविवारी मी गेले नाही तर सहा जणांचे फोन यायचे. तर्री-पोह्याची प्लेट माझ्यासाठी झाकून ठेवलेली असायची. इतकं प्रेम मला सख्ख्यांनी दिलं नाही.

“विक्रम, माइकची पेटी त्या दिवशी कोणी बंद केली?”

“मीच असणार ना, ताई. सवयच आहे.”

“झेंडा लागला नव्हता म्हणतोस. मग पेटी बंद करायची आठवण तुला कशाने झाली?”

तो हसला. मग हसणं पुसलं गेलं. “ताई, पुढच्या महिन्यात आपल्या माळावर राज्य स्पर्धा आहे. इतकी वर्षं त्यासाठी धडपडलो. आता हे उकरून कोणाचं भलं होणार आहे? रुपराव मला भावासारखा होता.”

“आडनाव काय त्याचं?”

तो टेबलावरचे कागद सरळ करायला लागला. अठरा वर्षं भावासारखा, आणि आडनाव माहीत नाही! मला राग आला आणि पुढच्याच क्षणी तो माझ्याच अंगावर आला, कारण मलाही ते तिरडी बांधताना कळलं होतं. ठोंबरे.

४

इंदुताईंना मी माळावरच गाठलं. आठवड्यातला मधला दिवस, चिटपाखरू नव्हतं. त्या कढई घासत होत्या.

“इंदुताई, त्या दिवशी तुम्ही खड्ड्याकडे चहा काहून नेला?”

“काहून म्हंजे? झेंडा दिसला का चहा न्याचा. त्यायचं न माहं तसंच ठरलं होतं. झेंडा लागला का मी ग्लास भरो.”

“त्या दिवशी दिसला?”

त्यांनी कढई खाली ठेवली. “दिसला तं! त्याबिगर मी तिकडं पाय टाकीन काय वं बाई? छर्रे खायाचे हायेत काय मले?”

“नक्की?”

“लालभडक. तुमी समदे त्या आकड्याच्या कागदावर डोकं घालून उभे होते. तो वर आला, झेंडा खोवला, तुमच्याकडं पाहून हासला न खाली गेला. मंग तुमी टोपी फेकली न बोंबा मारल्या. मी ग्लास घेऊन निघाली. पोचते तं...” त्यांनी ओल्या हाताने डोळे पुसले, राख गालाला लागली. “मी बोंबलली तवा बी झेंडा तिथंच होता. डाक्टर न सायब धावत आले. मी बाजूले बसली. मान वर केली तं झेंडा नाही.”

“चार दिवस झाले, इंदुताई. तुम्ही सांगितलं काहून नाही?”

“कोनं इचारलं?”

मी हाताने त्यांच्या गालावरची राख पुसली.

मी चावी घेऊन माइकची पेटी चालू केली. मशीन कोणी पुसून, चकत्या भरून पुन्हा जागेवर लावलं होतं. ओळीवर पायलच्या जागी उभी राहिले. त्या दिवशी आकडे मोजायला आम्ही सगळे इथेच दाटीवाटीने उभे होतो, त्या खुंटीला लागून. “पुल,” म्हटलं. चकती उडाली. टाळी वाजवली. काही नाही. पाय आपटला. काही नाही. बंदुकीच्या बाराला ते मशीन बहिरं असतं, तसं बनवलेलंच असतं, नाहीतर प्रत्येक बाराला दुसरी चकती उडाली असती. म्हणजे टोपीवरच्या बाराने ते फिरलं नाही. त्याला माणसाचाच आवाज लागतो, जवळून, जोरात. शब्द कुठला ते त्याला कळत नाही.

मी त्या दिवशी काय ओरडले होते ते मला पुरतं आठवत होतं. तितक्याच जोराने तेच पुन्हा ओरडले.

चकती उडाली. सरळ, उंच, निळ्या आभाळात.

मी तिथेच मातीत बसले. इंदुताई धावत आल्या, “का झालं वं बाई?”

५

रविवारी क्लबच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. भिंतीवर बेचाळीस टोप्या, बेचाळिसावी खाकी. खाली पाटी: ‘पायल’. रुपरावच्या फोटोला हार. समोरच्या खुर्चीवर त्याची बायको मनकर्णा, कळमेश्वरकडच्या गावाहून एकटी आलेली. ती टोपीकडे बघत होती. तिने ती ओळखली होती.

विक्रमचं भाषण संपल्यावर मी उभी राहिले. मला भाषण येत नाही. एकेक गोष्ट सांगत गेले. पंचविसावी चकती अख्खी गेली, म्हणजे तेव्हा मशीनचा हात मोकळा होता. खड्ड्याच्या ओठावर न उडालेल्या चकतीचे तुकडे होते, म्हणजे मशीन त्यानंतर पुन्हा फिरलं. इंदुताई ग्लास घेऊन निघाल्या, तेव्हा झेंडा लागलेला होता. झेंडा लागला की पेटी बंद करायची असते, ती चालू राहिली, कारण प्रमुख टोपी फेकायला धावला होता.

“झेंडा नंतर कोणी काढला ते सोपं आहे. इंदुताई सोडल्या तर तिथे दोघंच होते. डॉक्टरांचे हात मनगटांपर्यंत रक्ताने भरले होते आणि झेंड्यावर एक थेंब नव्हता.”

सुशील उठले. “फोनमधून उडवलेले फोटो तीस दिवस आत राहतात, हे मला ठाऊक होतं. मी तिकडे बघितलंच नाही. बघायचं नव्हतं.” त्यांनी फोन सगळ्यांपुढे धरला. निळं आभाळ, मधोमध खाकी टोपी, आणि तिच्या खाली, दूर, नखाएवढा लाल ठिपका.

विक्रम हारापाशी उभा होता. “मी फक्त झेंडा काढला,” तो म्हणाला. “तो तर आधीच गेला होता. मला वाटलं, एवढ्याने क्लब वाचेल. पोरीला मी रोज सांगत होतो, तुझी चूक नाही म्हणून.”

“तू तिला रोज सांगत होतास की तिच्याच ‘पुल’ने तो मेला. गोड आवाजात.”

“मग मशीन फिरलं कोणाच्या ‘पुल’ने?” मागून कोणीतरी विचारलं.

“कोणाच्याच नाही. पेटी चालू होती, माइक पायाशी होता आणि आपण सगळे एकदम ओरडलो. ‘वा’, ‘शाब्बास’, ‘हुर्रे’, ज्याला जे आलं ते.”

एकेकाची नजर आपापल्या हातांवर गेली. किती चांगली माणसं होती ती! एकमेकांच्या आजारपणात रात्री जागणारी. पण आमचा सगळा जिव्हाळा त्या ओळीपाशी संपायचा. पुढे पंधरा मीटरवर, जमिनीखाली जो बसला होता, त्याच्याकडे एक मान वळली असती तर लाल झेंडा दिसला असता. तीस मानांतली एकही वळली नाही.

मनकर्णाबाई पहिल्यांदाच बोलल्या. “म्हंजे त्यायनं झेंडा लावला होता?”

“लावला होता, बाई.”

“मंग माह्या माणसाची चूक नवती, असं त्या पोलिसाच्या कागदावर लिवा. मले दुसरं काही नाही पायजे.”

त्याच दुपारी आम्ही चौकीवर गेलो. पहिला जबाब विक्रमने दिला, झेंड्याचा आणि पेटीचा. त्याच्याखाली बाकीच्यांचे. सात जण आले नाहीत. त्यांची नावं मला माहीत आहेत.

६

पायलला हे सगळं सांगितलं, तरी तिने मान हलवली. “तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगता.”

मी तिला स्कूटीवर बसवून माळावर आणलं. हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. खड्ड्यात तेलाचा आणि मातीचा वास होता. ज्या फळीआड रुपराव बसायचा तिच्या आतल्या बाजूला मी बॅटरीचा उजेड टाकला. पोलिसांनी फळीची ही बाजू पाहिली नव्हती आणि मलाही ती आदल्या दिवशीच दिसली होती.

वर तारीख, त्या रविवारची. खाली ‘पायल’. त्याखाली खडूच्या रेघा, पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी. चकती फुटली की एक रेघ.

ती बोट लावून मोजायला लागली. वीसपर्यंत मोठ्याने, मग ओठांतल्या ओठांत. शेवटची रेघ बाकीच्यांपेक्षा लांब होती, फळीच्या कडेपर्यंत ओढलेली.

“पंचवीस,” ती म्हणाली.

“पंचविसावी फुटलेली त्याने पाहिली, रेघ ओढली, मग वर जाऊन झेंडा लावला. तुझ्या ‘पुल’ने तो मेला असता तर ही रेघ कोणी ओढली असती?”

तिने कपाळ फळीला टेकवलं आणि रडली. आठवडाभर अडकलेलं ते रडणं होतं, आवाज करून, नाक गळत. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला.

बऱ्याच वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं. “मावशी, भूक लागली.” आणि पायऱ्यांकडे वळताना थांबली. “त्या दिवशी तुम्ही काय ओरडला होतात?”

“शाब्बास पोरी.”

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं.

“ऐकू आलं होतं मला,” ती म्हणाली. “सगळ्यांत मोठा आवाज तुमचाच होता.”